फुप्फुसातील गाठीची सीमा आणि पेट प्रतिमा : एक चिकित्सा

फुप्फुसाच्या कर्करोगावरील किरणोपचारात पहिला प्रश्न गाठीच्या सीमेचा असतो. ती आत ओढली तर रोगाचा अंश किरणांबाहेर राहतो. बाहेर सरकवली तर निरोगी फुप्फुस होरपळते. सीटी प्रतिमेत गाठ आणि तिच्यामुळे मिटलेले फुप्फुस जवळजवळ सारखेच दिसतात. पेट तपासणीत मात्र एफडीजी हे किरणोत्सारी शर्करासदृश द्रव्य कर्कपेशी अधिक शोषून घेतात व गाठ उजळून दिसते. भारतात ही सुविधा २००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये प्रथम उपलब्ध झाली.

या तंत्राचे श्रेय निर्विवाद आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील अभ्यासात ११ तज्ज्ञांनी २२ रुग्णांच्या गाठी रेखाटल्या. त्यांच्या रेषांतील तफावत केवळ सीटीवर १ सेंमी होती. पेटच्या जोडीने ती ०.४ सेंमीवर आली. तथापि, एकमत म्हणजे अचूकता नव्हे. २००५ मधील एका जर्मन अभ्यासात २५ रुग्णांच्या गाठींचे सरासरी आकारमान, सर्वोच्च तेजाच्या ४० टक्क्यांवर रेषा आखल्यास ५३.६ मिलि, तर द्रव्यशोषणाचे मूल्य २.५ धरल्यास १६४.६ मिलि भरले. गाठी त्याच, प्रतिमाही त्याच, आकारमान तिप्पट. यावरून सीमा यंत्र देत नाही, ती माणूस ठरवतो, हे स्पष्ट होते.

दुसरा आक्षेप आपल्या परिसराशी निगडित आहे. एफडीजी केवळ कर्कपेशीच शोषतात असे नाही. क्षयरोगाने सुजलेल्या लसिकाग्रंथीही तशाच उजळतात. वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारावे लागले, त्या सांगली-मिरज-कुपवाड परिसराला हा धोका समजावून सांगण्याची गरज नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पेट-प्लॅन' चाचणीत, नियमानुसार उपचार झालेल्या रुग्णांपैकी पेटपुरत्या मर्यादित किरणक्षेत्राच्या गटात वर्षाअखेर स्थानिक रोगवाढ १४ टक्के, तर पारंपरिक गटात २९ टक्के आढळली. हा निष्कर्ष आश्वासक आहे. परंतु ती चाचणी जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड या क्षयरोग विरळ असलेल्या देशांत झाली, हे विसरून चालणार नाही.

म्हणून रेषा कोणत्या निकषावर आखली याची नोंद आणि संशयास्पद ग्रंथीची ऊतीतपासणी, या दोन्ही गोष्टी उपचार-आराखड्यात अनिवार्य ठराव्यात. अन्यथा उजळलेल्या प्रत्येक ठिपक्याला कर्करोग समजण्याची चूक रुग्णाच्या निरोगी फुप्फुसाला भोगावी लागेल.