शपथ आणि सोबत : टोल्कीन यांच्या अद्भुतसृष्टीतील सहचर

१

जमाती-जमातींतील पिढीजात वैर, त्या वैरात उतरलेली दैवते, आणि ह्या दोहोंच्या कचाट्यात सापडलेले मूठभर सोबती, ही मांडणी प्राचीन महाकाव्यांच्या वाचकास अपरिचित नाही. विसाव्या शतकात ह्या मांडणीस नवे चैतन्य देण्याचे श्रेय ज्यांना द्यावे लागते त्यांत जे. आर. आर. टोल्कीन (१८९२–१९७३) ह्यांचे नाव अग्रभागी येते. ऑक्सफर्ड येथे ते १९२५ पासून १९५९ पर्यंत प्रथम अँग्लो-सॅक्सनचे व पुढे इंग्रजी भाषा-साहित्याचे प्राध्यापक होते. त्यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कृती १९५४–५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. 'द सिल्मरिलियन' हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९७७ मध्ये, पुत्र ख्रिस्तोफर ह्यांनी संपादून प्रकाशात आणला. पहिल्या कृतीत नऊ सोबत्यांचा प्रवास आहे, तर दुसरीत सृष्टीच्या आरंभापासूनची दैवतांची व कुलांची युद्धे आहेत.

हे दोन ग्रंथ सामान्यतः वेगवेगळे वाचले जातात. पहिला कथा म्हणून आणि दुसरा त्या कथेच्या पार्श्वभूमीचा पुराणसंग्रह म्हणून. अशा वाचनाने एका महत्त्वाच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. संकटकाळी माणसाने माणसाशी कशाने बांधून घ्यावे, हा तो प्रश्न होय. 'सिल्मरिलियन'मध्ये ह्या प्रश्नाचे 'शपथेने' असे उत्तर दिले जाते आणि त्यातून सर्वनाश ओढवतो. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधील नऊ जणांची सोबत हे त्याच प्रश्नाचे दुसरे, अधिक विचारपूर्वक दिलेले उत्तर आहे. ह्या प्रतिपादनाची छाननी पुढे करावयाची आहे.

२

प्रथम शपथेचा विचार करू. टोल्कीन यांच्या विश्वात इलुवातार हा एकच परमेश्वर आहे. 'वालार' ह्या त्याच्या अधीन असलेल्या महाशक्ती असून मानव त्यांनाच देव म्हणतात. त्यांच्यापैकीच एक असलेला मेल्कोर बंडखोर होतो, एल्फ कुलातील श्रेष्ठ कारागीर फेआनोर ह्याने घडविलेली तीन तेजोरत्ने पळवितो आणि फेआनोरच्या पित्याचा वध करतो. त्या दुःखाच्या व क्रोधाच्या भरात फेआनोर आणि त्याचे सात पुत्र नग्न तलवारी उगारून शपथ वाहतात. रत्न अडवून धरणारा देव असो, दैत्य असो वा अद्याप न जन्मलेला मानव असो, त्याचा पाठलाग करू, असे ते इलुवातारच्या नावाने बोलतात. शपथ मोडल्यास चिरंतन अंधार आपणांस गिळो, असेही ते म्हणून बसतात.

ह्या शपथेचे फळ म्हणजे तीन स्वजनहत्या होत. पहिली आल्क्वालोंडे येथे नौकांसाठी, दुसरी डोरिआथच्या राज्यात, आणि तिसरी सिरिओन नदीच्या मुखाशी आश्रय घेतलेल्या निर्वासितांवर. तिन्ही वेळा शत्रू दूर राहतो आणि रक्त सांडते ते आप्तांचे. तिसऱ्या प्रसंगातील एक तपशील फारसा चर्चिला जात नाही. फेआनोरपुत्रांच्या अनुयायांपैकी काही जण ह्या हत्येपासून बाजूस राहिले, आणि थोडे तर धन्याविरुद्ध शस्त्र उचलून निर्वासितांच्या बाजूने लढताना मेले. लेखकाने त्यांना नावेही दिलेली नाहीत. तरी ह्या संपूर्ण ग्रंथात खऱ्या सहचराचे जे रूप पुढे विकसित व्हावयाचे आहे त्याचा अंकुर ह्या अनामिकांत आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

अखेरीस सातांपैकी माएध्रोस आणि मॅग्लोर हे दोघेच बंधू उरतात, व त्यांच्यात जो संवाद होतो तो ह्या विषयाचा गाभा होय. शपथ पाळली काय आणि मोडली काय, आपल्या वाट्याला अंधारच येणार असेल, तर ती मोडण्यात निदान पाप कमी घडेल, असे मॅग्लोर सुचवितो. माएध्रोस ते मानीत नाही. ज्याच्या नावाने शपथ घेतली त्या परमेश्वरापर्यंत आपला आवाज पोहोचणार नाही, मग मुक्त करणार कोण, असा त्याचा प्रश्न आहे. त्याच्या इच्छेपुढे मॅग्लोर नमतो. रत्ने हाती येतात आणि हात जाळतात. एक बंधू अग्नीच्या दरीत उडी घेतो. दुसरा रत्न समुद्रात फेकून किनाऱ्याकिनाऱ्याने शोकगीते गात फिरत राहतो.

मराठी वाचकास येथे भीष्माचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. इरावती कर्वे ह्यांनी 'युगान्त' (१९६७) मध्ये भीष्मप्रतिज्ञेच्या परिणामांची जी निर्मम चिकित्सा केली आहे, तीमुळे प्रतिज्ञापालन हे निरपवाद मूल्य नव्हे हा विचार आपल्या वाङ्मयात रुजलेला आहे. मात्र भीष्माची प्रतिज्ञा त्यागाची आहे, फेआनोरची अधिकाराची. दोहोंत समान आहे ते इतकेच, की उच्चारलेला शब्द उच्चारणाऱ्यापेक्षा मोठा होतो आणि पुढील पिढ्यांना त्याचे ऋण फेडावे लागते.

३

आता दुसऱ्या ग्रंथाकडे वळू. दुष्ट सॉरॉनची मुद्रिका अग्निपर्वतात टाकून नष्ट करण्याचे कार्य फ्रोडो ह्या हॉबिटाने अंगावर घेतले आहे. निघावयाच्या वेळी रिव्हेंडेलचा अधिपती एल्रॉन्ड जे सांगतो ते युद्धकथांच्या परंपरेत विलक्षणच होय. कार्याचा भार एकट्या मुद्रिकाधारकावर आहे. इतरांनी वाटेल तेथपर्यंत जावे, वाटेल तेव्हा परतावे. कोणावरही शपथेचे बंधन नाही. गिम्ली ह्या खुजांच्या जमातीतील वीरास हे रुचत नाही. दिलेला शब्द डगमगत्या मनाला आधार देतो, असे त्याचे म्हणणे. तो शब्दच मनाला मोडूनही टाकू शकतो, हे एल्रॉन्डचे उत्तर.

हे उत्तर वृद्धाचे सामान्य शहाणपण म्हणून वाचले जाते. परंतु एल्रॉन्ड कोण, हे ध्यानात घेतले पाहिजे. सिरिओनच्या तिसऱ्या स्वजनहत्येत जी दोन बालके फेआनोरपुत्रांच्या हाती सापडली त्यांतील एक म्हणजे एल्रॉन्ड. आणि त्याचा सांभाळ केला तो मॅग्लोरने. ज्या शपथेने त्याचे घर उद्ध्वस्त केले, तिच्याच एका बंदिवानाच्या मायेत तो वाढला. शपथ चांगल्या माणसाचे काय करते, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार? फेआनोरची कथा लेखकाजवळ १९३७ पूर्वीपासून, म्हणजे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या लेखनास आरंभ होण्याआधीच, तयार होती. तेव्हा रिव्हेंडेलच्या दारातील ह्या चार वाक्यांमागे सारे 'सिल्मरिलियन' उभे आहे, असे मानणे अवाजवी होणार नाही.

टोल्कीन ह्यांचा व्यवसायही येथे विचारात घ्यावा लागतो. नायकाभोवती शपथबद्ध सोबत्यांचा मेळा असावा आणि धनी पडल्यावर त्यांनी रणातून परतू नये, ही जर्मानिक जमातींची रीत रोमन इतिहासकार टॅसिटस ह्याने पहिल्या शतकाच्या अखेरीस नोंदविली आहे. 'बेओवुल्फ' काव्यात नागाशी झुंजणाऱ्या वृद्ध राजाला सोडून दहा जण रानात पळतात आणि एकटा विग्लाफ मागे राहतो. इ. स. ९९१ मधील मॉल्डनच्या लढाईवरील काव्यात सरदार पडल्यावर त्याचे सोबती एकामागून एक देह ठेवतात. ह्या काव्यावर टोल्कीन ह्यांनी १९५३ मध्ये एक नाट्यसंवाद व त्यास जोडून एक टिपण प्रसिद्ध केले. सरदाराच्या अहंकाराने शत्रूला मोकळी वाट मिळाली व त्याची किंमत सोबत्यांनी भरली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तेथे ते सरदाराच्या पराक्रमाहून सोबत्यांचे प्रेम व आज्ञापालन श्रेष्ठ मानतात. परंपरेतील निष्ठा स्वीकारावयाची, परंतु ती निष्ठा वसूल करण्याचा धन्याचा हक्क नाकारावयाचा, ही त्यांची भूमिका होय.

ह्या भूमिकेस अनुभवाचाही आधार होता. शाळेतील चार जिवलग मित्रांपैकी दोघे १९१६ साली फ्रान्समध्ये मृत्यू पावले. टोल्कीन स्वतः सोमच्या रणभूमीवरून आजारी होऊन परतले. १९१८ पर्यंत आपल्या निकटच्या मित्रांपैकी एकच उरला होता, हे त्यांनी पुढे प्रस्तावनेत नमूद केले आहे.

४

शपथेवाचून सोबत टिकते काय, ह्याची कसोटी कथानक अनेक प्रकारे घेते. बोरोमीर मोहाला बळी पडतो व मुद्रिका हिसकावू पाहतो. परंतु लगेच दोन लहानग्या सोबत्यांच्या रक्षणासाठी प्राण देतो. त्याच्यावर शपथभंगाचा कलंक नसल्यामुळे परतण्याची वाट त्याच्यासाठी खुली राहते. माएध्रोसला ती नव्हती.

लेगोलास आणि गिम्ली ह्यांच्या जमातींत डोरिआथच्या राजाच्या वधापासूनचे वैर आहे. लॉरिएनच्या रानात शिरताना एकट्या गिम्लीच्या डोळ्यांवर पट्टी बांधण्याचे ठरते, तेव्हा अॅरागॉर्न सर्वांच्याच डोळ्यांवर पट्टी बांधावयास लावतो. लेगोलास ह्यावर चिडतो, हे लेखक लपवीत नाही. एकाचा अपमान सर्वांनी वाटून घेतल्यानंतरच त्या दोघांची मैत्री आरंभते. पुढे गिम्ली गालाड्रिएलपाशी तिच्या केसांतील एका बटेची याचना करतो व त्यास तीन बटा मिळतात. 'अनफिनिश्ड टेल्स' (१९८०) मधून कळते की फेआनोरने हीच याचना तीनदा केली होती आणि तीनदा त्यास नकार मिळाला होता. शपथ वाहणाऱ्यास जे लाभले नाही ते सोबत्यास लाभले.

परंतु ह्या प्रतिपादनास आक्षेप घेता येईल. पिपिन डेनेथोरला आणि मेरी थेओडेनला शपथपूर्वक सेवा अर्पण करतात; रोहनचे घोडेस्वार जुन्या वचनास जागून गोंडोरच्या साहाय्यास धावतात. मग शपथ सर्वस्वी त्याज्य कशी? उत्तर त्या प्रसंगांतच आहे. मेरीला मागे राहण्याची राजाज्ञा होते. ती मोडून तो रणात जातो, आणि त्याच अवज्ञेमुळे नाझ्गूलांच्या अधिपतीचा अंत घडतो. मरणोन्मुख राजा त्यास क्षमा करतो. बेरेगोंड पहारा सोडून, पवित्र स्थानी रक्त सांडून, फारामीरचे प्राण वाचवितो. कायद्याप्रमाणे त्यास मृत्युदंड आहे. अॅरागॉर्न त्याला नगरातून हद्दपार करतो आणि लगेच फारामीरच्या रक्षकदलाचा नायक नेमतो. म्हणजे शपथ येथे आहे, परंतु तिच्यावर दयेचा अधिकार आहे. जी शपथ कोणी सोडवू शकत नाही तीच घातक. गॉलम मुद्रिकेची शपथ घेतो, तेव्हा मुद्रिका ही शपथ धरून ठेवील पण पिळवटूनही टाकील, असा इशारा फ्रोडो देतो, आणि शेवटी तसेच घडते.

सॅमची गोष्ट ह्या सर्वांहून निराळी आहे. किरिथ उंगोलच्या खिंडीत धनी मेला असे समजून तो कार्य पुढे नेण्यासाठी मुद्रिका घेतो. परंतु शत्रूंनी फ्रोडोचे शरीर उचलल्याचे कळताच जगाच्या उद्धाराचा हिशेब टाकून तो मागे धावतो. कर्तव्याच्या काट्यावर हे चुकीचे ठरते, आणि त्याच चुकीने कार्य वाचते. अग्निपर्वतावर तर फ्रोडो स्वतः ढळतो व मुद्रिका आपली म्हणतो. कार्य शेवटास जाते ते पूर्वी फ्रोडोने आणि पर्वतावर सॅमने गॉलमला जिवंत सोडले म्हणून.

दैवतांच्या वर्तनातही हाच पालट दिसतो. पहिल्या युगाच्या अंती वालार सैन्यानिशी उतरले, मेल्कोर पराभूत झाला, परंतु बेलेरिआंडचा बहुतेक प्रदेश समुद्रात बुडाला. तिसऱ्या युगात ते सैन्य पाठवीत नाहीत. वृद्धांच्या वेषात दूत येतात आणि बळाने कोणावर सत्ता गाजवावयाची नाही असा त्यांना निर्बंध आहे. गॅन्डाल्फ त्यांतला एक होय. सोबत्यांची निवड होत असता बलाढ्य वीरांऐवजी मेरी-पिपिनच्या मैत्रीवर विसंबावे असा आग्रह तोच धरतो. दैवत सेनापती न राहता नवांतील एक वाटसरू झाले आहे.

५

ह्या सृष्टीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सॅमची सोबत धनी-सेवक नात्यातून उगवते. पहिल्या महायुद्धात पाहिलेल्या सामान्य शिपायांचे व अधिकाऱ्यांच्या सेवकांचे प्रतिबिंब त्याच्यात आहे, असे टोल्कीन ह्यांनी स्वतः म्हटले आहे. शपथेचे बंधन नसले तरी जन्माने आलेल्या पायरीचे बंधन आहे, आणि ते लेखकास फारसे खुपत नाही. स्वामिभक्तीच्या कथांवर वाढलेल्या आपल्या वाचकाने तरी हे नाते भाबडेपणाने वाचू नये. दुसरे असे की ऑर्क जमातीस सोबतीचा अधिकारच नाकारलेला आहे. त्यांच्यात केवळ भय आणि भांडण आहे. दक्षिणेकडील व पूर्वेकडील मानवांचे अंतरंगही आपणांस दिसत नाही. एकदाच, इथिलिएनमध्ये पडलेला दक्षिणी सैनिक पाहून सॅमच्या मनात येते : ह्याचे नाव काय असेल, हा खरोखरच दुष्ट होता की खोट्या गोष्टी सांगून वा धाक घालून ह्याला घरापासून इतक्या दूर आणले असेल? ह्या एका क्षणी लेखकाची सहानुभूती जमातींची सीमा ओलांडते, आणि मग कथा पुढे निघून जाते. तो प्रश्न मात्र वाचकापाशी राहतो.

तथापि ह्या उणिवांमुळे मूळ प्रतिपादनास बाध येत नाही. जमात, कुल, राष्ट्र वा दैवत ह्यांच्या नावे माणसांकडून अभंग शपथा घेण्यात विसावे शतक कोणत्याही प्राचीन युगाच्या मागे नव्हते. अशा शतकात, युद्धातून परतलेल्या एका अभ्यासकाने वीरकाव्याच्या हृदयातून शपथ काढून घेतली आणि तरीही वीरकाव्य उभे राहते, हे दाखवून दिले. परत फिरण्याची मोकळीक असूनही जो पुढे चालतो, त्याचीच सोबत शेवटपर्यंत पुरते, हा त्यांच्या अद्भुतसृष्टीचा निर्णय आहे. आणि तो अद्भुताच्या सीमेबाहेरही तपासून पाहण्याजोगा आहे.