पाथरीचा वाद व सोनपेठची लढाई : दोन फार्सी साधनांची तुलना

मोगलांच्या निजामशाहीवरील पहिल्या मोठ्या स्वारीचा वृत्तान्त आमचे ग्रंथकार बहुधा अहमदनगरच्या वेढ्यापाशींच (इ. स. १५९५-९६) संपवितात. चांदबिबीच्या शौर्याचा गौरव यथार्थच आहे. परंतु तह होऊन वऱ्हाड मोगलांस मिळाल्यावर वर्ष लोटतें न लोटतें तोंच युद्ध पुन्हा कां पेटलें, ह्याचा उलगडा त्यांत होत नाहीं. त्यासाठीं हल्लींच्या परभणी जिल्ह्यांतील पाथरीकडे वळलें पाहिजे.

फेरिश्ता म्हणतो कीं, पाथरी वऱ्हाडांत मोडत नसतां मोगलांनीं ती बळकाविली. उलट अबुल फजलाच्या आईन-इ-अकबरींत पाथरी ही वऱ्हाड सुभ्याखालीं नोंदलेली आहे. ह्या नोंदीवरून मोगलांचा दावा खरा धरण्याचा मोह होतो. पण ती नोंद ताबा बसल्यानंतरची आहे. जेत्याच्या जमाबंदीवरून तहाचा अर्थ लावणें सयुक्तिक नव्हे.

फेरिश्ताही सर्वथा तटस्थ नव्हे. तो विजापूर दरबारचा आश्रित होता. तथापि मोगलांस अनुकूल असा पुरावा त्याच्याच ग्रंथांत आहे. निजामशहांचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण, म्हणून बुऱ्हाण निजामशहानें ती इ. स. १५१८ त वऱ्हाडच्या इमादशहाकडून घेतली, मध्यंतरीं गमावली, फिरून जिंकली व आपल्या ब्राह्मण भाऊबंदांस दिली, असें तो सांगतो. निजामशाहीनें वऱ्हाड जिंकलें तें १५७४ त. तेव्हां तहांतील ‘वऱ्हाड’ म्हणजे १५१८ पूर्वींचें कीं १५७४ चें, हाच वादाचा गाभा होय. पहिल्या अर्थानें मोगलांचें म्हणणें टिकतें, दुसऱ्यानें निजामशाहीचें.

ह्या वादाचा परिणाम भयंकर झाला. इ. स. १५९७ च्या आरंभीं गोदातीरीं सोनपेठनजीक विजापूरच्या सुहेलखानाच्या हाताखालीं विजापूर, गोवळकोंडा व अहमदनगर ह्यांचीं सैन्यें एकवटलीं. अकबरनाम्यांत ह्याच लढाईस आष्टीची लढाई म्हटलें आहे. नांवें दोन म्हणून लढाया दोन मानूं नयेत. खानखानान अब्दुर्रहीम विजयी झाला. परंतु त्याच्या पक्षाचा खानदेशाधिपति राजा अलीखान रणांत पडला, व थकलेल्या मोगल सैन्यास शत्रूचा पाठलाग करवला नाहीं. अहमदनगर पडलें तें १६०० त.

सारांश, पाथरी-सोनपेठकडील इनामपत्रें व महजर ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं त्यांतील ‘वऱ्हाड’ ह्या शब्दाचा अर्थ लावण्यापूर्वीं कागदाचा सन निश्चित करावा. सनावांचून केवळ नांवावर सीमा ठरविणें म्हणजे १५९६ चाच घोळ पुन्हा घालणें होय.