रेव्हरंड टिळकांची फुले

ग्वाल्हेरीच्या आम्हां मराठी मंडळींना राजकवी तांबे जवळचे. १८९५ साली ख्रिस्ती झालेले रेव्हरंड ना. वा. टिळक मात्र पाठ्यपुस्तकापुरतेच. देवपूजेस नित्य फुले वेचणाऱ्या आपल्या वाचकांनी तरी त्यांना परके लेखू नये. ‘वनवासी फूल’मध्ये ते रानफुलाला बोलते करतात, त्यांच्या श्रद्धेला खरा धीर मिळतो तो अशा ठिकाणी. सृष्टीच्या दुःखाकडेही त्यांनी पाठ फिरविली नाही: ‘केवढे हे क्रौर्य’मधील घायाळ पक्षीण पिलांपाशी येऊन प्राण सोडते. उपदेशपर रचनांत मात्र कवी साक्षीदाराच्या तोंडी उत्तर घालणाऱ्या वकिलासारखा वागतो (आम्हां वकिलांचा हा जुना दोष!), आणि फूल मुके होते. बालकवी काही काळ त्यांच्याच घरी राहिले. फुलाला त्याच्या मनचे बोलू देण्याची हातोटी बालकवींना अधिक साधली, असे माझे मत आहे.