पकड सुटते कशी?

टोयोटाने २०१२ मध्ये ‘८६’ ही स्पोर्ट्‌स कार आणली, तेव्हा तिच्या चाकांवर मिशेलिनचा प्रायमसी एचपी हा टायर होता. शांत, टिकाऊ, लांबच्या प्रवासाला साजेसा. काही प्रियस गाड्यांनाही याच मापाचा हाच टायर बसत असे. इंधन वाचवणाऱ्या हायब्रिडचा टायर स्पोर्ट्‌स कारला लावला म्हणून पुष्कळांनी नाकं मुरडली. मला मात्र अलीकडच्या मोटारींमधला हा अत्यंत रसिक निर्णय वाटतो. हे टायर झिजल्यावर त्यांच्या जागी कोणते घ्यायचे हे ठरवायचं, तर आधी हा निर्णय नीट वाचायला हवा.

गाडीचे मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांनी सुरुवातीलाच तीन गोष्टी बाजूला ठेवल्या होत्या: टर्बो, चारही चाकांना जोर आणि जास्त पकडीचे खास टायर. मग उरलं ते सुबारूसोबत घडवलेलं, आडव्या सिलिंडरांचं दोन लिटरचं इंजिन. ७००० फेऱ्यांना २०० पीएस ताकद, २०५ न्यूटन-मीटर टॉर्क, सव्वा टनाच्या आसपास वजन आणि जोर फक्त मागच्या चाकांना. इंजिन इतकं खाली बसवलेलं की गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरच्याही आत येतो. एवढ्या बेताच्या ताकदीवर मागची चाकं पायाच्या इशाऱ्याने किंचित सरकावीत, अशी इच्छा असेल तर टायरची पकडही बेताचीच हवी. टायर इथे गाडीच्या रचनेचा भाग आहे.

आता त्या टायरच्या कडेवरची ओळ वाचू: २१५/४५ आर १७ ८७ डब्ल्यू. रुंदी २१५ मिलिमीटर. कडेची उंची रुंदीच्या ४५ टक्के, म्हणजे जेमतेम ९७ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी, १७ इंचांची रिम. ८७ हा भारांक, म्हणजे एका टायरला ५४५ किलो. ‘डब्ल्यू’ म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंतची क्षमता. एवढ्या एका ओळीत गाडीचा स्वभाव बराचसा कळतो. मात्र टायरचा स्वतःचा स्वभाव या ओळीत नसतो. त्यासाठी वळणावर जावं लागतं.

स्टीअरिंग फिरवलं की चाक ज्या दिशेला तोंड करतं, नेमक्या त्याच दिशेला टायर जात नाही. रस्त्याला चिकटलेलं रबर पिळवटतं आणि चाकाचं तोंड व गाडीची वाट यांत लहानसा कोन पडतो. कोन वाढतो तशी वळणावरची पकड वाढते, काही अंशांवर शिखर गाठते आणि मग घसरते. त्या शिखराचा आकार पाहणं हेच टायरचं खरं रसग्रहण. रेसिंगकडे झुकलेल्या टायरचं शिखर उंच असतं, पण पलीकडे बहुधा कडा असतो. प्रवासी टायरचं शिखर ठेंगणं आणि माथ्याशी पसरट, त्याचा उतार सौम्य. ८६ चा चालक त्या पसरट माथ्यावर रेंगाळू शकतो, तेही अशा वेगात की चुकलंच तर सावरायला अवधी मिळतो.

याहून सुंदर गोष्ट हाताला कळते. वळणात टायर स्वतःला सरळ करू पाहतो, तोच जोर स्टीअरिंगमध्ये जडपणा होऊन येतो. हा जोर मात्र पकडीच्या शिखराआधीच ओसरू लागतो. पकड अजून शिल्लक असताना स्टीअरिंग हलकं होतं, मर्यादा जवळ आल्याचं कळवतं. ही सूचना जो टायर लवकर आणि स्पष्ट देतो, तो मला थोर वाटतो. पकडीचे आकडे त्यानंतर बघावेत.

तरीही मूळ टायरची भक्ती मी करणार नाही. ओल्या रस्त्यावर गाडी किती अंतरात थांबते, हा प्रश्न आवडीनिवडीचा नाही. जपानात जून-जुलैमध्ये पावसाळा असतो, डोंगरातले रस्ते दिवसेंदिवस ओले राहतात. तिथे मिशेलिनच्याच पायलट स्पोर्ट ४ सारखा टायर उजवा ठरतो. बाहेरच्या खांद्याची नक्षी भक्कम, म्हणून वळणात तो कमी लवतो. मध्ये रुंद खाचा, म्हणून पाणी वाहून जातं. रबरात सिलिका, जिच्यामुळे ओल्या रस्त्यावर पकड टिकते आणि चाक फिरतानाची ऊर्जाही फारशी वाया जात नाही. हा मेळ मिशेलिनने १९९० च्या दशकाच्या आरंभी बाजारात रुजवला.

दुसऱ्या टोकाला ब्रिजस्टोनच्या पोटेंझा आरई-७१आरएससारखे टायर आहेत. अमेरिकी मोजणीत त्यांचा ट्रेडवेअर, म्हणजे झीज सोसण्याचा अंक, २००. रबर मऊ, गरम झाल्यावर पकड अफाट, आवाज मोठा, झीज भराभर. सर्किटवर घड्याळाशी स्पर्धा असेल तर ते अप्रतिम. पण रोजच्या रस्त्यावरच्या ८६ ला हे टायर लावले, त्यातही २४५ रुंदीचे, की २०५ न्यूटन-मीटरचा टॉर्क मागची चाकं सरकवू शकत नाही. चाकांचं वजन वाढतं, स्टीअरिंग बोथट होतं. गाडी वेगवान होते आणि गप्प होते.

अकराव्या शतकातल्या काश्मिरी क्षेमेंद्राने काव्याचा प्राण औचित्यात पाहिला. कमरेची मेखला गळ्यात घातली तर दागिना उंची असूनही शोभा जाते, हे त्याचं उदाहरण प्रसिद्ध आहे. महागडा टायर चुकीच्या गाडीला लावणं म्हणजे तीच मेखला.

टोयोटाची पुढची चाल याच विचारातली आहे. २०२१ च्या जीआर८६ मध्ये इंजिन २.४ लिटरचं झालं, टॉर्क २५० न्यूटन-मीटरवर गेला. तेव्हा वरच्या श्रेणीला १८ इंची रिमवर पायलट स्पोर्ट ४ आला आणि खालच्या श्रेणीला १७ इंचांवर प्रायमसी एचपी कायम राहिला. रुंदी दोन्हींची २१५. ताकद वाढली तशी पकड वाढवली, रुंदीला हात लावला नाही. हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

म्हणून पहिल्या ८६ साठी माझा कौल स्पष्ट आहे. माप तेच, २१५/४५ आर १७. पकड एकच पायरी वर, पायलट स्पोर्ट ४ च्या तोडीची. चारही टायर एकाच जातीचे, एकदमच घ्यावेत. पुढे एक आणि मागे दुसरा टायर असेल, तर दोघांची शिखरं वेगवेगळ्या जागी येतात आणि गाडीचा तोल बिघडतो. कडेवरचे तारखेचे चार आकडे दुकानातच वाचावेत: २३२४ म्हणजे २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. बसवल्यावर अलाइनमेंट तपासून घ्यावी आणि नव्या रबराचा गुळगुळीत पापुद्रा झिजेपर्यंत शंभरेक किलोमीटर जपून चालवावं. सर्किटचा छंद असेल तर चिकट टायर वेगळ्या रिमवर चढवून त्या दिवसापुरते लावावेत.

जास्तीत जास्त पकड विकत घेणं सोपं आहे, तिथे फक्त पैसे लागतात. आपल्या गाडीला पुरेल इतकी, आणि सुटताना आधी कळवणारी पकड ओळखायला मात्र गाडी समजलेली असावी लागते. ८६ ही समज चालकाला देते, म्हणूनच तिच्या टायरवर इतका विचार करावासा वाटतो.