उत्तराच्या वाटेचा विचार

शाळेच्या संगणकावर एखादे संकेतस्थळ उघडले नाही, की ‘नेट बंद आहे’ असे म्हणून आपण मोकळे होतो. राउटरची व्याख्या विद्यार्थ्यांना पाठ असते. राउटरमधला बिघाड शोधण्याची पद्धत मात्र त्यांना कोणी शिकवत नाही. खरे तर ती विज्ञानाच्या तासाला शिकवतो तीच पद्धत आहे : निरीक्षण करा, शक्यता मांडा, एकेक शक्यता तपासून बाजूला करा.

ही पद्धत शिकवणारा ग्रंथ म्हणून डब्ल्यू. रिचर्ड स्टीव्हन्स यांच्या ‘टीसीपी/आयपी इलस्ट्रेटेड’च्या पहिल्या खंडाचे नाव घेतले जाते. ॲडिसन-वेस्लीने प्रसिद्ध केलेल्या या खंडावर १९९४ हे साल आहे. स्टीव्हन्स १९९९ मध्ये निवर्तले. केव्हिन फॉल यांनी सिद्ध केलेली दुसरी आवृत्ती २०११ मध्ये आली. शिक्षकाने यांतली कोणती हाती घ्यावी, हा येथे विचारात घेतलेला प्रश्न आहे.

पहिल्या आवृत्तीचे मोठेपण तिच्या रीतीत आहे. लेखक नियम आधी सांगून थांबत नाहीत. आपल्याजवळच्या काही युनिक्स यंत्रांचे एक लहान जाळे ते नकाशासह दाखवतात आणि तारेवरून जाणारी पॅकेटे ‘टीसीपीडम्प’ या प्रोग्रॅमने टिपून वाचकापुढे ठेवतात. क्रमही शिक्षकाला पटेल असा आहे. सातवे प्रकरण ‘पिंग’चे, आठवे ‘ट्रेसराउट’चे आणि नववे मार्ग निवडण्याचे. आधी साधन, मग सिद्धान्त.

मार्ग निवडणे म्हणजे काय? विश्रांतवाडीच्या चौकात उभ्या असलेल्या हवालदाराची कल्पना करा. दिघी-आळंदीला इकडे, धानोरीला तिकडे, विमानतळाला पलीकडे, एवढे त्याला ठाऊक आहे. न ऐकलेल्या गावाचे नाव कोणी घेतले, तर तो म्हणतो, ‘येरवड्याकडे जा, पुढे विचारा.’ राउटरजवळही असाच एक तक्ता असतो. त्याला सबंध प्रवास ठाऊक नसतो, फक्त पुढचे वळण ठाऊक असते. ‘पुढे विचारा’ या नोंदीला ‘डिफॉल्ट’ मार्ग म्हणतात. ट्रेसराउट हा तक्त्यांच्या साखळीचा माग काढतो. प्रत्येक पॅकेटवर आयुष्याचा एक आकडा असतो आणि प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. आकडा शून्य झाला, की राउटर पॅकेट टाकून देतो व तसे पाठवणाऱ्याला कळवतो. म्हणून आधी १, मग २, मग ३ असा आकडा घालून पॅकेटे सोडली, की वाटेतले राउटर एकामागून एक आपला पत्ता सांगतात.

आता उणीव. परतीची वाट जाण्याच्या वाटेहून निराळी असू शकते, हे स्टीव्हन्स यांनी नमूद केले आहे. परंतु त्यांचे जाळे मोकळे होते. प्रत्येक यंत्राला जगभर ओळखला जाणारा पत्ता होता आणि मध्ये भिंत नव्हती. एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक यंत्रे लपवणारी ‘नॅट’ ही पत्ताबदलाची युक्ती मे १९९४ च्या आरएफसी १६३१ मध्ये मांडली गेली, म्हणजे पुस्तक छापून झाल्यावर. भारतात विदेश संचार निगमची सार्वजनिक इंटरनेट सेवा तर १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. आपल्या शाळांतून आज दिसणारे १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते या पुस्तकाच्या जगात नाहीत.

याने काय बिघडते ते पाहा. विश्रांतवाडीतील एखाद्या शाळेत दोन संगणक कक्ष आहेत असे समजू. पहिला कक्ष युनिक्ससारख्या फायरवॉलला थेट जोडलेला आहे. नंतर उघडलेला दुसरा कक्ष आणखी एका राउटरच्या पलीकडे आहे. पहिल्या कक्षात सारे चालते, खुद्द फायरवॉलवरूनही पिंग चालते, पण दुसऱ्या कक्षाला उत्तर मिळत नाही. ‘निरोप पोचत नाही’ हा निष्कर्ष येथे घाईचा ठरतो. फायरवॉलच्या आतल्या व बाहेरच्या अशा दोन्ही जोडण्यांवर टीसीपीडम्प लावावा. चार शक्यता दिसतात.

आत विनंतीच दिसत नसेल, तर दोष अलीकडे आहे. आत दिसते पण बाहेर पडत नसेल, तर पॅकेट पुढे पाठवण्याची सोय बंद आहे किंवा फायरवॉलचा नियम आड येतो. काही लिनक्स यंत्रे तर परतीचा मार्ग जुळत नसला, तरी विनंती मुकाट्याने टाकून देतात. विनंती बाहेर पडते, पण तिच्यावर खासगी पत्ता तसाच असेल, तर पत्ताबदलाच्या नियमात दुसरा कक्ष धरलेला नाही. उत्तर बाहेरच्या जोडणीवर येते आणि आत उतरत नसेल, तर दुसऱ्या कक्षाकडे जाणारी वाट फायरवॉलच्या तक्त्यात नाही. हवालदार उत्तरालाही ‘येरवड्याकडे जा’ म्हणतो आणि ते पुन्हा बाहेर जाते! आणखी एक ध्यानात ठेवावे. येणारे पॅकेट टीसीपीडम्पला फायरवॉलच्या नियमांआधी दिसते, जाणारे नियमांनंतर. म्हणून दोन्ही बाजू पाहिल्याविना निकाल देऊ नये.

दुसऱ्या आवृत्तीने ही उणीव भरून काढली. तिचे सातवे प्रकरण फायरवॉल व पत्ताबदल यांवरच आहे. पण तिने काही गमावलेही आहे. पिंग आणि ट्रेसराउट यांना आता स्वतंत्र प्रकरणे नाहीत. राउटर एकमेकांना मार्ग कसे कळवतात, हे पहिल्या आवृत्तीतले प्रकरणही गळले. माहिती वाढली, ग्रंथ जाडजूड झाला, मात्र ‘आधी पाहा, मग समजून घ्या’ हा धागा विरळ झाला. संदर्भासाठी ती उत्तम आहे, पण नवशिक्याचे बोट धरून ती चालवत नाही.

म्हणून शिक्षकांनी पहिल्या आवृत्तीतील सातवे ते नववे प्रकरण आधी वाचावे, नंतर दुसरीतील सातवे. मग दोन जुने संगणक जोडून, परतीच्या वाटेची नोंद मुद्दाम पुसून, तो दोष विद्यार्थ्यांना शोधायला द्यावा. उत्तर आले नाही याचा अर्थ प्रश्न पोचला नाही असा होत नाही, हे त्यांना या प्रयोगातून कळले, तर ते संगणकापुरते राहणार नाही.