मांडीच्या हाडाचे कडे

तान्ह्या बाळाच्या वाळ्याहून लहान, बोटातल्या अंगठीहून मोठे. बाहेरचा व्यास सुमारे २७ मिलिमीटर, उंची बोटाच्या निम्म्या पेराएवढी. रंग कोरड्या खडूचा. वरच्या आणि खालच्या अंगावर बारीक दात्यांच्या रांगा, करवतीसारख्या एकाच बाजूला कललेल्या. समोरची कड मागच्या कडेपेक्षा किंचित उंच, मधोमध पोकळी. हे कडे कुणा दिवंगत माणसाच्या मांडीच्या हाडातून कापलेले आहे, आणि दुसऱ्या कुणाच्या कमरेच्या दोन मणक्यांमध्ये ते कायमचे बसणार आहे.

मणक्यांमधली गादी झिजून निकामी झाली आणि दुखणे कशानेच हटेना, तर शल्यविशारद ती गादी काढून वरचा आणि खालचा मणका एकमेकांत सांधून टाकतात. यालाच फ्यूजन म्हणतात. पण हाडाला हाड सांधायला महिने लागतात, आणि तोवर मधल्या जागेत काहीतरी उभे राहावे लागते. त्याने धडाचा भार पेलायचा आणि नव्या हाडाला वरून खाली जायला वाटही द्यायची. भरीव ठोकळा भार पेलतो, पण वाट अडवतो. जाळीदार मऊ हाड वाट देते, पण भाराखाली दबते.

कड्याने हा पेच सोडवला आहे, आणि त्यासाठी काही नवे रचावे लागलेले नाही. मधली पोकळी म्हणजे मज्जेची नळी, ती निसर्गानेच पाडून ठेवलेली. मांडीचे हाड आडवे कापले की भक्कम भिंत आणि मोकळी वाट दोन्ही एकदम हातात येतात. त्या पोकळीत जाळीदार हाड ठासून भरले, की काम झाले. बनवणाऱ्याने हाडात आधीच असलेली रचना ओळखली, हीच त्याची करामत.

या वस्तूतली मला सर्वांत देखणी वाटणारी गोष्ट मात्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. कठीण हाड दगडासारखे सगळीकडून सारखे नसते, लाकडासारखी त्याला उभी वीण असते. ऑस्टिऑन नावाच्या सूक्ष्म नळकांड्या हाडाच्या लांबीला धरून रचलेल्या असतात. त्या दिशेने दाबले तर मांडीचे हाड सुमारे २०० मेगापास्कलपर्यंत तग धरते, आडवे दाबले तर १३०च्या आसपासच मोडते. कडे आडव्या कापातून निघते, त्यामुळे ही वीण कड्यात उभीच राहते. देणाऱ्याने जन्मभर ज्या दिशेने आपला भार पेलला, नेमक्या त्याच दिशेने ते हाड आता दुसऱ्याचा भार पेलते.

बाहेरून हात फिरवला तर आणखी एक गोष्ट लागते. कडे पुरते गोल नाही. मागच्या अंगाला एक उंचवटा आहे. मांडीचे स्नायू जिथे चिकटतात ती ही खडबडीत रेघ. काही कड्यांत बाहेरची बाजू यंत्राखाली न घालता मूळ आकारातच ठेवलेली असते. गुळगुळीत करणे अवघड नसते, पण प्रत्येक घासणीत भिंत पातळ होते, आणि या वस्तूची सगळी पुण्याई भिंतीत आहे. कुठे हात लावायचा नाही हे कळणे मला कारागिरीतले वरचे शिक्षण वाटते.

मणके सांधण्याचा इतिहास पाहिला तर त्यात सुतारकाम पहिल्यापासून आहे. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रेड आल्बी यांनी क्षयाने पोखरलेले मणके सांधण्यासाठी रुग्णाच्याच नडगीच्या हाडाची पट्टी मणक्यांच्या मागच्या काट्यांत खाच पाडून बसवली. होनोलुलूच्या राल्फ क्लॉवर्ड यांनी १९५८मध्ये मानेसाठी वेगळी रीत प्रसिद्ध केली: दोन मणक्यांच्या सांध्यावर गोल भोक, आणि त्यात भोकापेक्षा किंचित जाड अशी हाडाची खुंटी. त्याच काळात स्मिथ आणि रॉबिन्सन कमरेच्या हाडाच्या कडेचा तुकडा वापरत होते. रुग्णाचे स्वतःचे हाड सांधायला सर्वांत उत्तम, हे आजही खरे आहे. पण ते काढलेल्या जागेचे दुखणे कित्येकांना मूळ दुखण्याइतके छळते. दात्याच्या हाडामुळे ही दुसरी जखम टळते.

क्लॉवर्ड यांच्या खुंटीला १९९०च्या दशकात आटे पडले. फ्लोरिडा विद्यापीठाच्या ऊतिपेढीच्या परिसरात हाडाच्या आटेदार खुंट्या तयार होऊ लागल्या. ही खुंटी मांडीच्या हाडातून आरपार, आडवी कापतात, म्हणून मज्जेची नळी तिच्या पोटातून आडवी जाते. खुंटी स्क्रूसारखी पिळत मणक्यांच्या मध्ये न्यायची आणि शेवटचा फेरा अशा बेताने थांबवायचा, की पोटातले भोक बरोबर वर-खाली मणक्यांकडे तोंड करून राहील. भोक उभे राहिले की वीणही उभी राहते. पाव फेरा चुकला, तर मणक्यांच्या समोर भोकाऐवजी बंद भिंत येते. कल्पना म्हणून ही फारच हुशार आहे. तरीही माझे मन कड्याकडेच झुकते. आटे रुतवायचे तर मणक्याचा वरचा कठीण पापुद्रा खरवडावा लागतो, आणि भार पेलणारा थर तोच. शिवाय पिळताना हाडावर जो ताण येतो तो त्याच्या स्वभावातला नाही. हाड दाबाला राजी असते, पिळाला तितके नाही. कडे पापुद्रा शाबूत ठेवून त्यावर नुसते बसते.

दधीची ऋषींनी अस्थी दिल्या ही गोष्ट देहदानाच्या प्रत्येक कार्यक्रमात निघते. महाभारतात त्या अस्थींचे वज्र घडवणारा त्वष्टाही आहे. त्याचे नाव मात्र क्वचितच निघते. हे कडे पाहताना मला तो आठवतो, कारण यंत्रावर आलेले प्रत्येक हाड वेगळे असते. पोलादाची सळई मागवली तर हवी त्या मापाची मिळते. इथे कुणाची भिंत जाड, कुणाची वयाने पातळ झालेली, कुणाची नळी रुंदावलेली. निष्णात शिंपी कापड पसरून आधी कोणता भाग कुठून काढायचा ते ठरवतो, तसे इथे हाड पाहून ठरवावे लागते: यातून कमरेची कडी निघतील, की भिंतीतून मानेचे छोटे ठोकळे. मानेच्या ठोकळ्यांची उंची मिलिमीटर-मिलिमीटरने वाढत जाते. एका भिंतीतून पुरेशी जाडी मिळत नसेल, तर दोन-तीन पट्ट्या शेजारी ठेवून हाडाच्याच खिळीने जोडतात. त्यात धातू नाही, गोंदही नाही.

यंत्राखाली जो चुरा पडतो तोही टाकत नाहीत. लॉस एंजेलिसच्या मार्शल युरिस्ट यांनी १९६५मध्ये दाखवले, की आम्लाने खनिज काढून टाकलेल्या हाडात नवे हाड उगवून आणण्याची ताकद असते. म्हणून चुऱ्यातले खनिज काढतात, आणि तो अशाच एखाद्या कड्याच्या पोकळीत भरायला कामी येतो.

मग चरबी आणि रक्त धुऊन काढणे, गोठवून सुकवणे, ओलावा ६ टक्क्यांच्या खाली आणणे. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतिपेढी १९८८पासून असे सुकवलेले, गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेले हाड तयार करते आहे. किरणांची मात्रा साधारण २५ किलोग्रे. ती वाढवली तर हाडातले कोलॅजन तुटून ते ठिसूळ होते, म्हणून इथेही हात आखडता ठेवावा लागतो. सुकलेले हाडही ठिसूळच असते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर ते सलाइनमध्ये भिजत ठेवतात. खडूचा पांढरेपणा हळूहळू उतरतो, आणि हाड पुन्हा हाडासारखे दिसू लागते.

सगळे नीट जुळले, तर वर्षभरात एक्स-रेवर कड्याच्या पोकळीतून वरचे हाड खालच्याला भेटलेले दिसते. भिंतीचे काम मात्र फार संथ चालते. रुग्णाच्या पेशी जुने हाड थोडे थोडे खात जातात आणि मागे आपले हाड रचत येतात, तरी सगळी भिंत कधीच बदलत नाही. कित्येक वर्षांनी असा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली आला, तर दोन्ही हाडे शेजारी शेजारी दिसतात: एका ऑस्टिऑनच्या खोल्यांमध्ये जिवंत पेशी, आणि त्याला घट्ट चिकटून दात्याचा जुना ऑस्टिऑन, खोल्या रिकाम्या, भिंती शाबूत.