अर्काचा मोल कुठून आणलात?

वनस्पतीच्या अर्काने पोलादाचं गंजणं रोखणारे चार पेपर वाचलेत, की साचा पाठ होतो. माइल्ड स्टीलचे तुकडे, १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, कडुलिंबाचा नाहीतर मेंदीचा अर्क, वजनातली घट, नव्वदच्या पुढची कार्यक्षमता. इथवर तक्रार नाही. अर्क खरंच काम करतो.

पुढचं पान मात्र नीट वाचा. तिथे लँगम्यूरचा आलेख असतो, सी भागिले थीटा विरुद्ध सी, आणि आर-वर्ग ०.९९. अहो, दोन्ही अक्षांवर सीच आहे! सी दहापट वाढला आणि थीटा ०.८० वरून जेमतेम ०.९५ झाला, तर रेषा सरळ येणारच. त्यात लँगम्यूरचं श्रेय किती?

मग त्या रेषेवरून के, आणि के वरून डेल्टा जी. सूत्रातला ५५.५ हा लिटरभर पाण्यातल्या मोलांचा आकडा, म्हणजे के सुद्धा मोलमध्ये हवा. पण अर्कात टॅनिन, फ्लेव्होनॉइड, शर्करा असं सगळंच असतं. रेणुभार कुणाचा धरणार? बरेच जण ग्रॅममधला के तसाच घुसवतात. ५५.५ ऐवजी १००० ग्रॅम प्रति लिटर घेतलं तर एककं जुळतात, पण तेवढ्यानेच उत्तर २५ अंशाला सुमारे ७ किलोज्यूलने सरकतं.

एमएस्सीच्या प्रोजेक्टात मी हेच केलं होतं. उणे १७ आला, उणे २० च्या अलीकडे म्हणून 'भौतिक अधिशोषण' लिहून मोकळा झालो. एककं जुळवली असती तर उणे २४, आणि निष्कर्ष 'मिश्र'. पोलाद तेच, अर्क तोच.

तुमच्या पेपरात ते कोष्टक नसेल तर परीक्षक विचारतील. विचारू देत.